भिजलेल्या मेंटलांतला सीरियम

अमळनेरच्या कॉलेजात मी विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा आमच्या वर्गात अकरा मुलगे आणि मी एकटी मुलगी. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं घर शिंदखेड्याजवळच्या खेड्यात. शिकायला म्हणून मी अमळनेरला फुईकडे राहत असे. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान तेलाच्या गिरणीत कामाला जात आणि दिवसभर घरात आम्ही दोघीच असू.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी वर्गात एक डबी आणली. तिच्यात बारा चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका मूलद्रव्याचं नाव. सर म्हणाले, "संक्रांतीनंतर प्रत्येकानं आपापल्या मूलद्रव्यावर पाऊण तास बोलायचं. ते निसर्गात किती आहे, कुठं सापडतं, त्याची संयुगं कोणती आणि ती कशी वागतात. एकच अट आहे. ज्याच्यावर बोलाल ते टेबलावर मांडून बोला. न पाहिलेल्या वस्तूवर बोलायचं नाही."

माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला तांबं आलं. दुसऱ्याला पारा, तिसऱ्याला चांदी. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं सीरियम. हे नाव मी परीक्षेच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर एकदा वाचलं होतं, तेवढंच. तास संपल्यावर मी सरांच्या टेबलापाशी गेले आणि विचारलं, "सर, हा आपल्याकडे कपाटात आहे का?"

"नाही," सर म्हणाले. "रोजच्या प्रयोगांना तो लागत नाही, म्हणून कधी मागवला नाही. बदलून देऊ का चिठ्ठी?"

त्यांनी हे अगदी सहज विचारलं होतं. पण मागं मुलगे उभे होते. त्यांच्यापैकी कुणाची चिठ्ठी बदलली नव्हती. मी म्हणाले, "नको सर. मी शोधते."

पुढचे आठ दिवस मी वाचनालयात बसून इंग्रजी ग्रंथांतून उतारे काढले. सीरियमची गणना दुर्मिळ मृत्तिका म्हणून एक गट आहे त्यात होते. पण वाचता वाचता कळलं की नावात दुर्मिळ असलं तरी पृथ्वीच्या कवचात तो शिशापेक्षा जास्त आहे. फक्त शिसं जसं एका जागी खनिजात गोळा झालेलं मिळतं तसा हा मिळत नाही. दगडामातीत सगळीकडे चिमूट चिमूट पसरलेला असतो. आपल्या देशात तो हाताला लागेल असा मुख्यतः एका ठिकाणी साठला आहे, त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते हसले. "म्हणजे तुमच्या फुईच्या परसातल्या काळ्या मातीतही तो आहे. आता तो मातीतून काढायला बसलात तर तुमचं सगळं आयुष्य जाईल."

त्याच ग्रंथात दोन ओळी अशा होत्या की गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये थोरियम हा दुसरा धातू बहुतेक सगळा असतो आणि शंभरात एक भाग सीरियम असतो. तो एक भाग नसेल तर बत्तीचा उजेड अगदी फिका पडतो. मेंटल म्हणजे बत्तीत टांगतात ती सुती जाळी. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि पांढरा सांगाडा उरतो. तोच पुढं लखलखतो.

त्या काळी लग्नाच्या वरातीत, कीर्तनाला, जत्रेत, सगळीकडे भाड्यानं आणलेल्या गॅसबत्त्या असत. आमच्या गल्लीपासून थोड्या अंतरावर एक बत्तीवाले चाचा राहत. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. मी फुईला म्हटलं, मला त्यांच्याकडे जायचंय, सोबत चल.

फुईनं विचारलं, "कसाले?"

"जळलेल्या मेंटलची राख हवी आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "राख? आपला चुल्हामा काय कमी शे का?"

मी तिला जमेल तसं समजावलं. तिला कितपत पटलं कोण जाणे, पण ती डोक्यावरून पदर घेऊन निघाली.

सकाळची वेळ होती. दुकानात दहा-बारा बत्त्या ओळीनं मांडलेल्या होत्या. चाचा काचा पुसत होते आणि चाची आतल्या दारापाशी बसून बारीक सुईनं बत्तीच्या तोटीचं भोक साफ करत होत्या. चाचांचं वय पन्नाशीच्या पुढं, बोलणं हळू. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली.

"जळलेली जाळी? जी आम्ही झटकून टाकतो ती?"

"हो चाचा."

"आणि ती कॉलेजात लागते?"

"हो. तिच्यात एक धातू असतो. तो मला सरांना दाखवायचा आहे."

चाचांनी चाचींकडे पाहिलं. चाची म्हणाल्या, "आता लगीनसराई आहे, बेटी. रोज दोन-चार जाळ्या तुटतात. मी साठवून ठेवीन. एक डबा आणून दे."

मी दुसऱ्या दिवशी चहाचा पत्र्याचा डबा नेऊन दिला. त्यानंतर आठवड्यातून एकदा मी तिकडे जाई. मेंटलचा जळका सांगाडा इतका नाजूक असतो की बोट लागलं तर पीठ होतं. बत्ती वरातीहून परत आली की चाची ती कागदावर उलटी धरत आणि तुटलेला चुरा अलगद डब्यात पाडत. काम वाढलं म्हणून त्या कधी कुरकुरल्या नाहीत. उलट एकदा मला म्हणाल्या, "परवा बत्ती घेऊन गेलेला माणूस वाटेतच राख झटकून आला. मी त्याला सांगितलं, ती आमच्या मुलीच्या परीक्षेची आहे."

आमच्या मुलीच्या, असं त्या म्हणाल्या होत्या. मी त्या घरात चार वेळा गेले असेन तोवर.

आज विचार करते तेव्हा एक गोष्ट मनाला लागते. थोरियममधून किरणं बाहेर पडतात आणि ती धूळ श्वासातून आत जाऊ नये, हे आता शाळेतली मुलंही वाचतात. ग्रंथांत तेव्हाही त्याच्या किरणांचं वर्णन होतं. पण त्याचा संबंध चाचींच्या कागदावरच्या राखेशी आहे, हे ना माझ्या डोक्यात आलं, ना कुणी मला सांगितलं. माझ्यासाठी त्या महिनाभर ती राख गोळा करत होत्या. त्यांना त्याचा त्रास झाल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि ते ऐकलं नाही याबद्दल देवाचे आभार मानते.

पौष लागला तेव्हा डबा तळापासून दोन बोटं भरला होता. मी तो कॉलेजात नेला. राख आम्लात विरघळवायची, मग त्या द्रावणातून सीरियम वेगळा काढायचा, असा माझा बेत होता. सरांनाही तो ठीक वाटला होता. मी राख हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली, ढवळली, तापवली. राख जशीच्या तशी. मग नायट्रिक आम्लात उकळली. तरी पांढरा गाळ तळाशी बसून राहिला. तीन दिवस मी दुपारभर तेच करत होते. तिसऱ्या दिवशी सर येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि चंचुपात्र उजेडाकडे धरून पाहत म्हणाले, "ही चूक माझी आहे. मला आधीच सुचायला हवं होतं. हे ऑक्साइड पेटत्या बत्तीत इतकं भाजून निघालं आहे की आता साध्या आम्लाला दाद देणार नाही. तीव्र सल्फ्युरिक आम्लात कित्येक दिवस तापवावं लागेल, आणि ते मी तुम्हाला करू देणार नाही. धूर वाईट असतो."

मग म्हणाले, "तुम्ही राखच मांडा टेबलावर. मी चालवून घेईन."

सरांनी मोठ्या मनानं म्हटलं होतं. पण त्या राखेत शंभरात एक भाग सीरियम होता. मी थोरियमची राख दाखवून सीरियमवर बोलणार होते. घरी आल्यावर मी जेवले नाही. फुईनं कारण विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्या बाईले सांग. महिनाभर ती राख गोया करी ऱ्हायनी तुनाकरता."

फुईचं बरोबर होतं. मला चाचींना तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून मी ते टाळत होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी एकटीच रिकामा डबा घेऊन गेले. चाचा कुठंतरी बत्त्या पोचवायला गेले होते. चाची भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्यापाशी बसले आणि खरं ते सांगितलं, की राख आम्लात विरघळली नाही, तुमचे कष्ट वाया गेले, मला माफ करा.

चाचींनी भाकरी तव्यावर टाकली. "विरघळवायची होती? मग जळलेली कशाला नेलीस?"

"म्हणजे?"

"जळली की ती दगड होते, बेटी. जळायच्या आधीची पाण्यात जाते."

मला काही कळलं नाही. चाचींनी हात धुतले, आत जाऊन ट्रंकेतून एक पुडकं काढून आणलं आणि माझ्यासमोर उघडलं. त्यात कोऱ्या मेंटलांची पाकिटं होती. कागद भिजून वाळल्यावर जसा आखडतो तसा आखडला होता. "पावसाळ्यात छप्पर गळलं आणि ट्रंकेत पाणी गेलं. ह्या सगळ्या ओल्या झाल्या. ओली झाली की जाळी हाताला चिकटते, गुळाच्या पाकासारखी. मग वाळवून बत्तीत बांधली तरी काही कामाची नाही. पेटवली की सगळी गळून पडते. तिच्यातली जान पाण्यात निघून जाते."

मग सगळं एकदम डोक्यात उजाडलं. कारखान्यात सुती जाळी थोरियम आणि सीरियमच्या नायट्रेटात बुडवून वाळवतात, हे मी स्वतःच्या हातानं वहीत लिहून घेतलं होतं. नायट्रेट पाण्यात विरघळतं, इतकं की दमट हवेतलं पाणीही ओढून घेतं. पेटल्यावर त्याचं ऑक्साइड होतं आणि ऑक्साइड विरघळत नाही. संयुगं कशी वागतात यावर मला बोलायचं होतं, आणि तेच मला दिसलं नव्हतं. चाचींना ते पंधरा वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं.

मी विचारलं, "चाची, ह्या मला द्याल?"

त्या म्हणाल्या, "जळगावचा व्यापारी येणार आहे. ह्या दाखवून बदलून मागायच्या होत्या." एवढं बोलून त्यांनी पुडकं परत बांधलं आणि माझ्या हातात ठेवलं. "घेऊन जा. तो काही बदलून देणार नव्हता. त्यालाही दिसतंच की पाणी छपरातून आलं."

"चाचा काही म्हणतील का?"

"म्हणू देत. मी सांगेन."

त्या दिवशी त्यांनी मला भाकरी आणि वांग्याचं भरीत खायला घातल्याशिवाय सोडलं नाही.

ओल पाकिटातच वाळली होती, म्हणून नायट्रेट बरंचसं आतच राहिलं असणार; सोमवारी मी चौदा मेंटलं पाकिटांच्या कागदासकट गरम पाण्यात भिजत घातली. अर्ध्या तासात पाणी किंचित गढूळ झालं आणि जाळ्या नुसत्या सुती चिंध्या होऊन हातात आल्या. पाणी गाळून घेतलं. सरांनी सांगितल्याप्रमाणे त्यातल्या दोन थेंबांत अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं. एकट्या थोरियमचा साका, म्हणजे खाली बसणारा गाळ, पांढरा येतो. आमचा साका केशरट पिवळा झाला. सर नळी हातात घेऊन खिडकीशी गेले आणि बराच वेळ पाहत राहिले. "आहे," ते म्हणाले. "आता त्याला बाहेर काढा."

पुढचं काम सावकाश झालं. द्रावणात ऑक्झॅलिक आम्ल घातलं तसा दोन्ही धातूंचा पांढरा साका खाली बसला. तो अमोनियम ऑक्झॅलेटच्या द्रावणात उकळला की थोरियमचा साका विरघळून जातो आणि सीरियमचा मागं राहतो. मी ते तीनदा केलं. गाळणकागदावर शेवटी इतकं थोडं उरलं होतं की आधी मला वाटलं काहीच उरलं नाही. तो कागद मुशीत घालून स्टोव्हच्या निळ्या ज्योतीवर जाळला. मुशीच्या तळाशी गर्द पिवळी भुकटी दिसली. गार होता होता तिचा रंग फिकट होत गेला, हळद घातलेल्या दुधासारखा. ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी ती भुकटी असेल.

सर म्हणाले, "हे सीरियमचं ऑक्साइड. कपाटात नव्हतं ते तुम्ही आणलंत." मग विचारलं, "कोरी जाळी पाण्यात जाते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी चाचींबद्दल सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमच्या व्याख्यानाला त्या दोघांना घेऊन या. माझ्याकडून निमंत्रण आहे म्हणून सांगा."

चाचा आधी नाहीच म्हणाले. "आम्ही कॉलेजात काय करणार? आम्हाला अक्षर येत नाही." मी सरांचा निरोप पुन्हा सांगितला. शेवटी फुई गेली आणि तिनं चाचींना राजी केलं. फुई स्वतःही कॉलेजच्या फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. दोघी एकमेकींच्या भरवशावर आल्या.

व्याख्यानाच्या दिवशी चाची बुरखा घेऊन फुईशेजारी शेवटच्या बाकावर बसल्या. चाचा हातात बत्ती घेऊन दाराशी उभे होते. सरांनी त्यांना पुढं बोलावून खुर्ची दिली. मी बोलायला उभी राहिले. आधी मी सीरियम किती आहे आणि कुठं आहे ते सांगितलं. मग संयुगांकडे आले, आणि राखेचं चंचुपात्र व भिजलेलं मेंटल शेजारी शेजारी ठेवून झालेली फजिती जशीच्या तशी सांगितली. मुलगे हसले. मीही हसले.

तेवढ्यात सर उठून म्हणाले, "हा मुद्दा ज्यांनी सोडवला त्या इथं बसल्या आहेत. त्यांनीच सांगावं."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मला भीती वाटली की चाची उठून निघून जातील. फुईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. चाची बसूनच बोलल्या, आवाज हळू होता पण स्पष्ट. "कोरी जाळी पाण्याला घाबरते. जळलेली पाण्याला घाबरत नाही, वाऱ्याला घाबरते. म्हणून कोरी ट्रंकेत ठेवायची आणि जळलेली काचेत ठेवायची. मला एवढंच येतं."

मग तांबं आलेला तो मुलगा आपल्या वहीत काहीतरी लिहू लागला, आणि त्याचं पाहून बाकीचेही लिहू लागले. चाचांनी बत्तीत नवं मेंटल बांधलं, पंप मारला आणि भर दुपारी वर्गात बत्ती पेटवून दाखवली. खिडकीतून ऊन येत होतं तरी तो उजेड वेगळा दिसत होता. "ह्या उजेडात," मी म्हणाले, "शंभरातला तो एक भाग आहे."

सरांनी मला किती गुण दिले ते आठवत नाही. बाहेर पडताना ते चाचींसमोर हात जोडून उभे राहिले, ते मात्र आठवतं. रात्री जेवताना फुई म्हणाली, "मी तुना बापले सांगस. आते लगननी घाई नको म्हणा. पोरले शिकू द्या." माझ्या लग्नाची बोलणी तेव्हा गावाकडे चालू होती. फुईनं खरोखरच पत्र लिहवून घेतलं, आणि माझ्या वडिलांनी बहिणीचा शब्द मोडला नाही. मी परीक्षा दिली, नंतर शिक्षकीचं शिक्षण घेतलं. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं त्याची सुरुवात तिथं आहे.

मला चाचींची परतफेड करायची होती आणि कशी करावी ते कळत नव्हतं. परीक्षा झाल्यावर मी एक दिवस सरांना विचारलं की ट्रंकेतला दमटपणा काढायचा काही स्वस्त उपाय आहे का. ते म्हणाले, "कळीचा चुना. भट्टीतून आणलेला, पाणी न लागलेला. तो हवेतलं पाणी ओढून घेतो. जाळ्यांना मात्र लागू देऊ नका." मी घट्ट झाकणाचा एक डबा घेतला, तळाशी कळीचा चुना जाड कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवला, त्यावर जाळीदार पत्र्याचा तुकडा आणि वर पाकिटं रचली. चाचींना सांगितलं की चुना फुटून पीठ झाला की पुरचुंडी बदलायची. त्या पावसाळ्यात छप्पर पुन्हा गळलं. श्रावणात त्यांनी डबा उघडला तेव्हा पाकिटं कोरडी होती, एकही जाळी चिकटली नव्हती. ही बातमी सांगायला चाचा स्वतः फुईच्या घरी आले. पुढं त्यांनी जळगावच्या त्या व्यापाऱ्यालाही तो उपाय शिकवला.

नंतर मला धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. त्या शाळेत प्रयोगशाळा म्हणून एक टेबल आणि एक कपाट होतं. सरांनी आपल्याजवळच्या जुन्या परीक्षानळ्या आणि दोन मुशी भुशात बांधून एसटीनं पाठवल्या. पहिल्या सुट्टीत मी अमळनेरला गेले तेव्हा सामान फुईच्या घरी टाकून तशीच चाचींकडे गेले. चाचा बत्त्या घेऊन एदलाबादच्या जत्रेला गेले होते. चाचींनी मला पाहून हातातलं काम ठेवलं, धुळ्याचं पाणी कसं आहे, खोली कशी आहे, स्वयंपाक कोण करतं, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "इतकं शिकलीस, पण जाळी बांधता येते का तुला?"

मला येत नव्हती. त्यांनी मला शेजारी बसवून एक मेंटल हातात दिलं. दोरा सारखा ओढायचा, चुण्या सगळीकडून सारख्या पडल्या पाहिजेत, नाहीतर पेटल्यावर एका बाजूला फुगतं. मी तीनदा बांधलं आणि तिन्ही वेळा ते वाकडं झालं. चाचींनी ते सोडून पुन्हा माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "सावकाश कर. अजून चहा व्हायचा आहे."